हॅवलॉकबद्दल कुणाचं ऐकायचं?

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "जानेवारीत सहा रात्रींसाठी अंदमानला जायचा विचार आहे. सासूबाई 68 वर्षांच्या, सासरे 73, मुलगा चौथीत. नणंद म्हणते, तिथलं हॅवलॉक बेट म्हणजे स्वर्ग. ऑफिसमधले एक जण म्हणतात, पैसे पाण्यात गेले, त्यापेक्षा तारकर्ली बरी. आणि हॅवलॉकवरच राहणाऱ्या लोकांचं म्हणणं वाचलं, तर पाण्याची टंचाई, कचरा, बोटीत जागा नाही, अशा तक्रारी. खरं कुणाचं मानायचं? जावं की नको?"

ताई, तिघांचंही खरं आहे. मी पुण्यातून वीस वर्षांहून जास्त काळ अंदमानच्या सहली नेतो आहे, आणि या तीनही प्रकारची माणसं परतीच्या विमानात माझ्या शेजारी बसलेली आहेत. पण मत ऐकताना मी आधी तीन गोष्टी विचारतो: कधी गेला होतात, किती रात्री राहिलात, आणि किनाऱ्यावर पोहोचलात तेव्हा भरती होती की ओहोटी? तिसऱ्या प्रश्नाला लोक गोंधळतात. हॅवलॉकबद्दलची निम्मी भांडणं मात्र तिथेच मिटतात.

विजयनगरचा किनारा घ्या. तिथे सगळे त्याला पाच नंबर म्हणतात, कारण बेटावरचे किनारे पूर्वीपासून आकड्यांनीच ओळखले जातात. बरीचशी राहण्याची ठिकाणं याच बाजूला आहेत. भरतीला पाणी माडांच्या मुळांपर्यंत येतं, हिरवट निळं, काचेसारखं. ओहोटीला तेच पाणी लांबवर मागे सरतं आणि मधे उरतो तो खडक, मेलेलं प्रवाळ आणि पायाला टोचणारी वाळू. सकाळी नऊला पोहोचून दुसऱ्या दिवशी दहाला निघालेल्या माणसाने फक्त ओहोटी पाहिलेली असू शकते. तो घरी येऊन सांगतो की हॉटेलवाल्याने फसवलं, समोर समुद्रच नाही. तीन रात्री राहिलेला माणूस त्याच खुर्चीत बसून दोन्ही पाहतो. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची आपल्याकडे पद्धत आहे, पण तो हिशोब तिथे जसाच्या तसा लागू पडत नाही. रोजच्या भरतीच्या वेळा राहत्या ठिकाणी विचारून घ्या आणि दिवस त्याप्रमाणे आखा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त वर येतं आणि जास्त मागेही जातं.

दुसरी गोष्ट सूर्याची. पुणे साधारण 74 रेखांशावर, हॅवलॉक 93 वर. म्हणजे एकोणीस अंशांचा फरक. अंशाला चार मिनिटं धरली तर सव्वा तास होतो, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. जानेवारीत तिथे सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो. आपली माणसं पुण्याच्या सवयीने दुपारी झोपून, चहा घेऊन, सहाला राधानगरला पोहोचतात आणि अंधार पाहून परततात. राधानगरचा सात नंबरचा किनारा 2004 मध्ये टाइम मासिकाने आशियातला सर्वोत्तम ठरवला होता, 2020 मध्ये त्याला स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं ब्लू फ्लॅग मानांकनही मिळालं. असा किनारा "काही खास नाही" असं सांगणारी मंडळी मला भेटतात, तेव्हा मी आधी वेळ विचारतो. दुपारी तीनला तिथे असायला हवं. आणि ऊन उतरल्यावर अर्धा तास नुसतं बसून राहायला हवं, फोन बाजूला ठेवून.

मत कोणत्या वर्षीचं आहे, हेही पाहा. 2010 च्या उन्हाळ्यात समुद्राचं पाणी तापलं आणि अंदमानातलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. त्याआधी हॅवलॉकच्याच एलिफंट बीचवर उथळ पाण्यात जे दिसायचं, ते मी पाहिलं आहे. त्याच जागी नंतर डोकं बुडवलं तेव्हा राखेच्या रंगाच्या फांद्या दिसल्या. मासे होते, पण रंग गेले होते. मला त्या दिवशी पाण्यातून वर आल्यावर बोलवेना. पुढे काही भागात प्रवाळ सावरलं, काही भागात नाही. त्यामुळे 2008 ला गेलेल्या मामांचे फोटो पाहून अपेक्षा ठेवू नका. उलटही आहे: "तिथे नेटच नाही, कार्ड चालत नाही, रोख पैशांच्या पिशव्या न्या" हे सांगणारी मंडळी जुनी झाली. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली सुमारे 2,300 किलोमीटरची केबल 10 ऑगस्ट 2020 ला सुरू झाली आणि हॅवलॉक त्या जाळ्यात आहे. पुण्याइतका वेग मिळेलच असं नाही, थोडी रोकड जवळ असलेली बरी, पण पूर्वीचे हाल आता नाहीत.

नावांचाही गोंधळ होतो म्हणून सांगतो. 30 डिसेंबर 2018 पासून हॅवलॉकचं अधिकृत नाव स्वराज द्वीप, शेजारच्या नील बेटाचं शहीद द्वीप. सप्टेंबर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालं. तिकिटांवर नवी नावं दिसतील, रिक्षावाला मात्र हॅवलॉकच म्हणतो. ज्याच्यावरून ते नाव पडलं तो जनरल हॅवलॉक 1857 मध्ये कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेविरुद्ध लढलेला इंग्रज सेनापती. पुणेकरांनी हे माहीत करून तिथे जावं असं मला वाटतं.

आता तुमच्या प्रश्नातला जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो: तिथे राहणाऱ्यांच्या तक्रारी. बहुतेक लोक त्या वाचतात आणि "स्थानिकांना पर्यटक नको आहेत" असा अर्थ काढतात. हे चूक आहे.

विजयनगरच्या मागे, सुपारीच्या बागेत, चार खोल्या भाड्याने देणारं एक बंगाली कुटुंब आहे. आमची लहान सहल असली की मी तिथेच उतरवतो. त्या घरातल्या बाईंना आम्ही सगळे दीदी म्हणतो. त्यांचे सासरे पूर्व पाकिस्तानातून आलेले निर्वासित. फाळणीनंतर सरकारने अशा कुटुंबांना बेटावर जमिनी देऊन वसवलं, म्हणून गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी आहेत. 2011 च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या साडेसहा हजारांच्या आतच होती. आपल्याकडे एखाद्या मोठ्या हाउसिंग सोसायटीत तेवढी माणसं राहतात.

दीदींच्या घराच्या गच्चीवर दोन काळ्या सिंटेक्स टाक्या आहेत. रोज पहाटे त्या शिडीने वर जातात आणि टाकीत बांबूची एक लांब काठी सोडतात. काठीवर कोयत्याने केलेल्या तीन खाचा आहेत. ओल वरच्या खाचेपर्यंत आली तर सगळं नेहमीसारखं. मधल्या खाचेवर आली तर पाहुण्यांच्या चादरी त्या दिवशी धुवायच्या नाहीत. खालच्या खाचेवर आली तर घरातल्यांनी विहिरीवर जायचं, टाकीतलं पाणी फक्त खोल्यांना. एका मार्चमध्ये मी सलग पाच दिवस तिथे होतो. पाचही दिवस घरातली मंडळी विहिरीवर गेली आणि आमच्या सहलीतल्या एका गृहस्थांनी दिवसातून तीनदा शॉवर घेतला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं. तेव्हापासून बोट धक्क्याला लागायच्या आधी मी सगळ्यांना पाण्याबद्दल सांगतो.

अंदमानात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या चौपट. मग टंचाई कशी, असं कुणालाही वाटेल. पाऊस मे ते डिसेंबर असा दोन्ही मोसमी वाऱ्यांचा, पण बेट लहान आहे. नद्या नाहीत, ओढे आहेत. पडलेलं पाणी बघता बघता समुद्राला मिळतं आणि साठवायला जागा थोडी. जानेवारी ते एप्रिल कोरडे महिने, आणि नेमके तेच गर्दीचे महिने. माणशी पाण्याचा वापर हॉटेलात घरापेक्षा कितीतरी जास्त असतो. विजेचंही तसंच, ती डिझेलवरच्या जनरेटरवर अवलंबून, आणि डिझेल बोटीने येतं. तेव्हा "पाणी नाही" ही तक्रार पर्यटकांवरचा राग म्हणून वाचू नका. खोल्या वाढल्या, टाक्या आणि नळ त्या प्रमाणात वाढले नाहीत, एवढंच ती माणसं सांगत असतात.

स्थानिक म्हणजे काही एक माणूस नाही. दीदींचा मुलगा डायव्हिंगच्या बोटीवर काम करतो. त्याला आणखी बोटी, आणखी विमानं, रात्रीही उतरणारी विमानं हवी आहेत. त्याच्या चुलत्याने किनाऱ्यालगतची जमीन बाहेरच्या माणसाला दिली आणि आता त्याच जागेवर पगारी माळी आहे, त्याचं मत अर्थातच निराळं. राधानगरला शहाळी विकणाऱ्या बायकांना गर्दी हवी, पण दुपारी एकदम येऊन एकदम जाणारी नको. आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे: दवाखाना. बेटावर प्राथमिक सोय आहे, पण गंभीर आजारी माणसाला पोर्ट ब्लेअरला न्यावं लागतं, बोटीने किंवा हेलिकॉप्टरने. समुद्र खवळला की दोन्ही अवघड. विकास म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर आधी रुग्णवाहिका येते. आपल्याकडे मुंबईच्या ऐन समोर असलेल्या घारापुरीला समुद्राखालच्या केबलने वीज पोहोचली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. लेणी पाहायला जाणाऱ्या किती जणांना हे जाणवलं होतं? बेटावर दिवस घालवणाऱ्याला जे दिसत नाही, ते रात्र घालवणाऱ्याला दिसतं.

बोटीच्या जागेची तक्रारही समजून घ्या. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खाजगी जलद बोटी दीड-दोन तासांत जातात आणि महाग असतात. सरकारी बोट सावकाश आणि बरीच स्वस्त. आपली माणसं मला हमखास विचारतात की सरकारी बोटीने पैसे वाचतील का. वाचतील. पण ती बोट म्हणजे तिथल्या लोकांची एस.टी. आहे. तिच्यावर कॉलेजची मुलं असतात, डायलिसिसला निघालेला म्हातारा असतो, कोर्टाची तारीख असलेला शेतकरी असतो. ज्याला परवडतं त्याने खाजगी बोटीने जावं, हे मी स्पष्ट सांगतो.

2016 च्या डिसेंबरात आमचे 22 जण हॅवलॉकवर अडकले होते. बंगालच्या उपसागरात वादळी हवामान झालं, पाऊस थांबेना, बोटी बंद. नीलवर आणि हॅवलॉकवर मिळून हजारावर पर्यटक अडकले. शेवटी नौदल, तटरक्षक दल आणि हवाई दलाने त्यांना बाहेर काढलं. आम्ही ज्या मोठ्या हॉटेलात होतो तिथला जनरेटर बंद पडला आणि व्यवस्थापकाने जादा दिवसांचे पैसे आगाऊ मागितले. मी माणसं घेऊन दीदींकडे गेलो. चार खोल्यांत बावीस माणसं. त्यांनी रोज मोठ्या पातेल्यात खिचुडी केली, सोबत तळलेलं वांगं. तांदूळ संपत आले तेव्हा शेजारच्या तीन घरांतून आणले. आमच्यातल्या सत्तरीच्या एका काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या, तर गावातल्या एका शिक्षकांनी आपल्या गोळ्यांची पट्टी आणून दिली. आधी नाव जुळतंय का ते पाहिलं, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं, मग दिली. निघताना दीदींनी फक्त तांदूळ-डाळीचे पैसे घेतले. आमच्या त्या सहलीतले दहा जण पुन्हा हॅवलॉकला जाऊन आले आहेत. त्यांना मत विचारलंत, तर राधानगरबद्दल ते शेवटी बोलतील.

तारकर्लीशी तुलना करणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांबद्दलही आदरानेच सांगतो. पुण्याहून रात्री निघून सकाळी मालवणात, घरगुती सोलकढी, सुरमई, मराठीत बोलणारा नावाडी. लहान सुटीसाठी त्याला तोड नाही. स्कूबाही तिथे होतं. पण पाण्याखाली किती लांबचं दिसतं, यात अंदमान आणि मालवण यांची बरोबरी होत नाही. नद्यांचा गाळ कोकणच्या समुद्रात येतो, अंदमानात तो फारसा नाही. केवळ किनारा आणि मासे हवे असतील तर मालवणला जा आणि समाधानाने परत या. अंदमानला जायचं ते तिथे थांबायची तयारी असेल तर. चार रात्रींत पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि बाराटांग कोंबणाऱ्या सहली मी आता करत नाही. "पैसे पाण्यात गेले" म्हणणारे जवळजवळ सगळे त्या सहलींतून आलेले असतात. दर सकाळी बॅगा, दर दुपारी धक्क्यावर रांग.

बाराटांगला रस्त्याने जायचा आग्रह कुणी केला तरी नको म्हणा. पहाटे तीनला उठून गाड्यांच्या ताफ्यातून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जावं लागतं. फोटो काढायला आणि थांबायला बंदी आहे, ती योग्यच आहे, पण तरीही माणसं काचेला डोकं लावून "दिसले का" म्हणत बसतात. मी एकदा ते माझ्याच गाडीत पाहिलं आणि त्यानंतर त्या रस्त्याने सहल नेली नाही.

तुमच्यासाठी माझा आराखडा असा आहे. पुण्याहून पोर्ट ब्लेअरला विमान बदलून जावं लागतं, चेन्नई, बेंगळुरू किंवा कोलकात्याला. मधला थांबा तीन तासांचा तरी ठेवा, व्हीलचेअर आधीच नोंदवा. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला, त्या दिवशी काहीही नको. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्युलर जेल, ऊन चढायच्या आत. सावरकर 1911 ते 1921 तिथे होते, त्यांच्या कोठडीपर्यंत जिने आहेत. सासऱ्यांना हळूहळू चढू द्या. मुलाला आदल्या रात्री गोष्ट सांगून ठेवा, म्हणजे त्याला त्या भिंती नुसत्या भिंती वाटणार नाहीत. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम जमला तर पाहा. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, आणि तिथे सलग तीन रात्री, एकाच ठिकाणी. सहावी रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअरला. परतीच्या विमानाच्या दिवशीच बोटीने यायचं धाडस करू नका, समुद्राचं काही सांगता येत नाही. नील या वेळी सोडा.

एलिफंट बीचला मुलगा आणि तुम्ही दोघं जा, स्पीडबोटीतून उतरताना पाण्यात पाय टाकावा लागतो आणि ते ज्येष्ठांच्या गुडघ्यांना जड जातं. मुलाला लाइफ जॅकेटसह स्नॉर्केलिंग पुरेसं आहे. प्रवाळावर उभं राहायचं नाही, हे त्याला पुण्यातच सांगा. चौथीतली मुलं हा नियम मोठ्यांपेक्षा चांगला पाळतात. तुम्ही स्वतः स्कूबा करणार असाल तर ते हॅवलॉकच्या पहिल्या दोन दिवसांत उरका. डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसायचं नाही, आणि दमा किंवा कानाचं दुखणं असेल तर डायव्हरपासून लपवायचं नाही. राधानगरला जीवरक्षक सांगतील तेवढ्याच पट्ट्यात पोहा. जवळच्या नील्स कोव्हमध्ये 2010 मध्ये मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी तरुणीचा जीव गेला. तेव्हा खाडीकडच्या बाजूला फलक लावलेला असेल, तर तो शोभेचा नाही.

दोघा ज्येष्ठांची औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्तीची घ्या, आणि निम्मी एका बॅगेत, निम्मी दुसऱ्या. संध्याकाळी वाळूमाश्या चावतात, पायांना खोबरेल तेल चोळलं की त्रास कमी होतो, हा दीदींचाच उपाय. प्लास्टिकच्या बाटल्या नेऊ नका, स्टीलच्या न्या. जे काही रिकामं होईल ते परत पुण्याला आणा. बेटावरचा कचरा बेटावरच पडून राहतो किंवा बोटीतून न्यावा लागतो.

एक विनंती आहे. हॅवलॉकवर एक तरी जेवण गावातल्या घरी किंवा धक्क्याजवळच्या बाजारातल्या छोट्या खाणावळीत घ्या. तिथे हिंदी सगळ्यांना येते. पर्यटक आल्याने काय बदललं, असं विचारलंत तर ती माणसं मोकळेपणाने बोलतात. सासूबाईंना त्यात जास्त रस वाटेल, असा माझा अनुभव आहे.

आधी बोटींची तिकिटं पाहा, मग हॉटेल. जानेवारीतल्या सकाळच्या बोटी लवकर भरतात. खोली तळमजल्यावरची मागा, आणि ती मागताना त्यांच्याकडे पाण्याची साठवण किती आहे तेही विचारा. ज्या हॉटेलवाल्याला याचं उत्तर लगेच देता येईल, तिथेच नोंदवा.